चूक माझी नव्हती, तरी दावा माझ्यावर

वाचकांचे प्रश्न : कायदा आणि आपण

पत्र पहिले : जुळे सोलापूर येथील एक शिक्षक

आदरणीय वकील मॅडम,

सप्रेम नमस्कार. मी सोलापुरात माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. गेल्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आसरा चौकाकडून कारने घरी येत होतो. आमच्या कॉलनीत शिरायला उजवीकडे वळावं लागतं. इंडिकेटर देऊन मी रस्त्याच्या मध्याजवळ, माझ्या बाजूला थांबलो होतो, कारण समोरून टेम्पो येत होता. टेम्पो निघून जायच्या आतच त्याच्या मागून एक मोटारसायकल ओव्हरटेक करत माझ्या अंगावर आली आणि कारच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याला धडकली. चालवणारा २४ वर्षांचा मुलगा, टॉवेल कारखान्यात कामाला. मागे त्याचे दोन मित्र. मित्रांना खरचटलं, पण त्याच्या मांडीचं हाड मोडलं. मीच लोकांच्या मदतीने त्याला रिक्षात घालून सिव्हिलला नेलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईच्या हातात दहा हजार रुपयेही दिले.

चार दिवसांनी कळलं, की त्याच्या दवाखान्यातल्या जबाबावरून माझ्यावरच गुन्हा नोंदवला आहे, भरधाव आणि निष्काळजीपणे कार चालवल्याचा. माझं म्हणणं घ्या म्हणून पोलीस ठाण्यात गेलो, तर 'नंतर बघू' म्हणाले. आणि आता मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आली आहे. मागणी २२ लाखांची! सामनेवाले क्रमांक १ मी, क्रमांक २ माझी विमा कंपनी. लायसन, आरसी, विमा सगळं चालू होतं.

मेहुणे म्हणतात, 'विमा आहे ना, मग तू कशाला कोर्टात जातोस? कंपनी बघून घेईल.' शाळेतले एक सहकारी म्हणतात, 'फौजदारी केसमध्ये गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो.' शेजारी म्हणतात, 'मुलाच्या घरच्यांना भेटून परस्पर मिटवून टाका.' पत्नीला तर झोप नाही, घरावर टाच येईल अशी तिला भीती वाटते. त्या मुलाचं वाईट वाटतं, त्याच्याविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही. माझी चूक नसताना मी काय करू? पंचनामा, नोटीस आणि दाव्याच्या अर्जाची झेरॉक्स सोबत पाठवत आहे.

उत्तर

सर, आधी घराचं सांगते, म्हणजे वहिनींना आज रात्री तरी झोप लागेल. तुमचा विमा अपघाताच्या दिवशी आणि त्या वेळेला चालू होता आणि लायसनही वैध होतं. अशा वेळी तुमची चूक ठरली, अगदी पूर्ण ठरली, तरी भरपाईची रक्कम विमा कंपनीने द्यायची असते. घरावर टाच येते ती निवाड्याची रक्कम मालकावर पडून ती थकली तर. तेव्हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. तुमच्या कागदपत्रांवरून ती वेळ यायचं कारण दिसत नाही. फक्त तुम्ही हजर राहायला हवं.

म्हणूनच मेहुण्यांचा सल्ला मला सगळ्यात जास्त धोक्याचा वाटतो. तो सोलापुरात सर्रास दिला जातो आणि देणाऱ्याच्या मनात काही वाईटही नसतं. विमा कंपनी वकील देते हे खरं, पण तो कंपनीचा वकील असतो. मुलाची चूक होती हे दाखवण्यात त्याचं आणि तुमचं हित एक आहे. पण 'मालकाने विम्याच्या अटी मोडल्या, म्हणून आमच्यावर जबाबदारी नाही' असं म्हणायची मुभा कंपनीला कायद्याने दिलेली आहे, आणि कंपनीच्या बहुतेक कैफियतींत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरांत) हे वाक्य छापल्यासारखं असतंच. त्याला उत्तर देणारं माणूस दालनात हवं ना?

अक्कलकोट रोडच्या एका यंत्रमागधारकांचं प्रकरण माझ्याकडे आलं होतं. त्यांच्या छोट्या टेम्पोचा अपघात झाला. नोटीस आली ती त्यांनी 'कंपनी बघेल' म्हणून कपाटात ठेवली. ड्रायव्हरकडे वैध लायसन होतं, ते घरातच होतं! पण कंपनीने लायसन हजर करा म्हणून नोटीस दिली, तिलाही कोणी उत्तर दिलं नाही. न्यायाधिकरणापुढे लायसन आलंच नाही. निवाडा झाला तो असा, की कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. माझ्याकडे ते आले तेव्हा हातात वसुलीची नोटीस होती. अटींचा भंग कंपनीने सिद्ध करायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पण समोरून कोणी बोलतच नसेल, तर त्या नियमाचा आधार मागणार कोण?

तेव्हा नोटिशीवर जी तारीख आहे त्या तारखेला जा. वकीलपत्र द्या. कैफियतीसाठी मुदत हवी असेल तर अर्ज करून मागा. दिवाणी प्रक्रिया संहितेत कैफियत ३० दिवसांत द्यायची, फार तर ९० दिवसांपर्यंत, असं आहे. तारखेला गेला नाहीत तर तुमच्याविरुद्ध एकतर्फी आदेश होतो, आणि हजर राहून कैफियत दिली नाहीत तर विनाकैफियत आदेश. दोन्ही आदेश अर्ज करून रद्द करून घेता येतात, मात्र उशीर का झाला हे सांगावं लागतं, वर खर्चही बसू शकतो. काहीजण बेलिफाला दारातूनच परत पाठवतात किंवा पोस्टमनला 'घ्यायचं नाही' म्हणतात. नाकारलेली नोटीस बजावल्यासारखीच धरली जाते.

कंपनीला कळवलंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. एजंटला फोन केला असेल तर तो पुरेसा नाही. आजच नोटीस आणि अर्जाची प्रत जोडून, पॉलिसी क्रमांक घालून कंपनीच्या सोलापूर शाखेत पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घेऊन पोच ठेवा. ईमेलही करा. अपघाताची लेखी माहिती विमा कंपनीला देणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे कर्तव्यच आहे. कार दुरुस्तीसाठी तुम्ही क्लेम केला असेल, तर त्या वेळी सर्व्हेअरने काढलेले फोटो आणि त्याचा अहवाल कंपनीकडे आहे. तो मागून घ्या. मार कुठे लागला, हे त्यात तिऱ्हाईत माणसाने लिहिलेलं असतं.

आता मुख्य विषय, कैफियत. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण चांगली बाजू असलेली माणसं इथेच घसरताना मी पाहिली आहेत. 'अर्जातील संपूर्ण मजकूर खोटा असून मान्य नाही, सबब अर्ज फेटाळावा' अशी चार ओळींची कैफियत देऊन चालत नाही. दिवाणी कायद्याचा नियम असा, की जे विधान नेमकं नाकारलं नाही ते मान्य केलं असं धरता येतं. मोघम नकार हा नकारच नाही. अर्जातलं एकेक कलम घेऊन त्याला उत्तर द्यायचं, आणि नुसतं 'नाही' म्हणून थांबायचं नाही, तर खरं काय घडलं ते सांगायचं. तुमच्या बाबतीत मी साधारण असं लिहीन :

'अर्जाच्या कलम ४ मधील, सामनेवाले क्र. १ यांनी कार भरधाव वेगात व निष्काळजीपणे चालवून अर्जदाराच्या मोटारसायकलला धडक दिली, हा मजकूर खरा नसून या सामनेवाल्यांना कबूल नाही. वास्तविक, सदर वेळी कार उजवीकडे वळण्यासाठी इंडिकेटर देऊन आपल्या बाजूस थांबलेली होती. समोरून येणाऱ्या टेम्पोस ओलांडण्यासाठी अर्जदाराने मोटारसायकल कारच्या बाजूस आणली व तो कारच्या पुढील उजव्या भागास धडकला. मोटारसायकलवर अर्जदारासह तिघे बसलेले होते.'

यात एकही विशेषण नाही. 'बेदरकार', 'उन्मत्त' असं काही लिहू नका. कुठे थांबलो, कोण कुठून आलं, कुठे धडक बसली एवढंच. तिघे बसल्याचा उल्लेख मी केला, पण त्यावर भिस्त ठेवू नका. ट्रिपल सीट होते एवढ्यावरून अपघातात त्यांची चूक ठरत नाही, त्यामुळे अपघात झाला किंवा मार वाढला हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. तुमची खरी ताकद धडकेच्या जागेत आहे.

आणि ती जागा पंचनाम्यात लिहिलेली आहे, सर! तुम्ही पाठवलेला पंचनामा मी भिंग घेऊन वाचला, कारण झेरॉक्स फिकट आहे. दुसऱ्या पानावर, खालून पाचव्या ओळीत आहे : रस्त्याची रुंदी ३२ फूट, दुभाजक नाही, 'मेडिकल दुकानाच्या बाजूच्या कडेपासून ११ फुटांवर काचेचे तुकडे पडलेले'. मेडिकल दुकान कोणत्या हाताला? तुम्ही आसरा चौकाकडून येताना ते डाव्या हाताला आहे, असं तुमच्याच पत्राच्या मागच्या नकाशात दिसतं. म्हणजे डावीकडचे १६ फूट तुमचे, आणि काचा ११ फुटांवर. धडक तुमच्या बाजूला झाली, हे पोलिसांच्याच कागदात आहे. कार भरधाव होती म्हणावं, तर ब्रेक मारल्याची किंवा टायर घासल्याची कारची एकही खूण पंचनाम्यात नोंदलेली नाही. खूण नसणं हा स्वतंत्र पुरावा ठरत नाही, पण थांबलेल्या कारशी ते जुळतं. पंचनाम्याची आणि त्यातल्या कच्च्या नकाशाची प्रमाणित प्रत काढा. आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाने दोन्ही गाड्या तपासल्या असतील, त्याचा अहवालही घ्या. कारच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याला मार आणि मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला मार, हे त्यात आलं की बरंच काम झालं.

फिर्यादीची धास्ती घेऊ नका. फिर्याद म्हणजे एका बाजूने सांगितलेली हकिकत, ती शेवटचा पुरावा होत नाही. पण न्यायाधिकरणात फौजदारी खटल्यासारखा 'निःसंशय' पुरावा लागत नाही. कोणाचं म्हणणं जास्त संभवनीय आहे एवढंच तोललं जातं. तुमच्या विरुद्ध बाजूला फिर्याद आणि दोषारोपपत्र असेल आणि तुमच्या बाजूला काहीच नसेल, तर काटा तिकडे झुकणारच.

त्यासाठी साक्षीदार बघा. टेम्पोवाला सापडला तर उत्तमच, पण तो सापडणं अवघड. मेडिकलवाल्यांचं तुम्ही नकाशाखाली लिहिलंय, की दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं आणि तुम्ही ते मोबाइलवर स्क्रीनवरूनच टिपून ठेवलं. टिपलंत ते फार बरं केलंत. बहुतेक दुकानांतल्या डीव्हीआरवर (चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर) काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी जुन्यावर नवीन चित्रण बसतं. तरीही आज जाऊन विचारा, की त्यांनी मूळ फाइल पेनड्राइव्हवर वगैरे काढून ठेवली होती का. असेल तर तिच्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल, ते वकील तयार करून देतील. मूळ फाइल नसेल, तर तुमच्या मोबाइलमधली फाइल आहे तशी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत हजर करू नका, कापाकापी करू नका, आणि मोबाइल बदलायचा असेल तरी जुना विकू नका. स्क्रीनवरून टिपलेल्या चित्रणावर समोरचे वकील हरकत घेतील, हे धरून चाला. म्हणूनच मेडिकलवाले साक्षीला आले पाहिजेत. ते धंद्याची माणसं, 'कोर्टाची भानगड नको' म्हणतील. त्यांना सांगा, की साक्ष समन्सने बोलावून होते, त्यात त्यांच्यावर काहीही येत नाही, आणि दिसलं तेवढंच सांगायचं असतं.

सगळ्यात मोठे साक्षीदार मात्र तुम्ही. अपघात डोळ्यांनी पाहणारा चालक साक्षीच्या पिंजऱ्यात आलाच नाही, तर त्याचा अर्थ त्याच्या विरुद्ध काढला जातो. निवाड्यांमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय, की दर वेळी त्या चालकाबद्दल हळहळ वाटते. तुमचं सरतपासाचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे तुमची हकिकत शपथेवर लिहून, दिलं जाईल, मग उलटतपास होईल. वर्गात शंकेचं निरसन करायची तुम्हाला सवय आहे, इथे तसं करू नका. विचारलं तेवढंच उत्तर द्या. वेग, अंतर, सेकंद यांचे अंदाज करायला लावतील. ठाऊक नसेल तर 'सांगता येणार नाही' म्हणा. 'मोटारसायकल आधीच दिसली असती तर टाळता आली असती ना?' अशा प्रश्नाला भिडेखातर 'हो' म्हणू नका.

आता दहा हजारांबद्दल. ते दिले म्हणजे चूक कबूल केली, असं समोरून म्हटलं जाईल. लपवू नका. कैफियतीत स्वतःहून लिहा, की माणुसकीच्या नात्याने उपचारासाठी दिले, दोष मान्य करून नव्हे. जखमीला उपचार मिळवून देणं कलम १३४ प्रमाणे चालकाचं कर्तव्यच आहे, तुम्ही ते केलंत आणि मनापासून केलंत. मला याचा आनंद वाटला, सर. पण यापुढे कंपनीला न विचारता एक रुपयाही देऊ नका किंवा कबूल करू नका. नेहमीच्या पॉलिसीत अट असते, की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने दोष मान्य करायचा नाही, देऊ करायचं नाही, द्यायचं नाही. म्हणून शेजाऱ्यांचा 'परस्पर मिटवा' हा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. स्टॅम्पपेपरवर सह्या करून मिटवलेलं पुढे कंपनीच्या हाती तुमच्याविरुद्धचं कारण होऊ शकतं. मिटवायचंच असेल तर त्याची जागा लोकअदालत. तिथे कंपनीचे अधिकारी असतात, रक्कम कंपनी देते, तडजोडीला हुकूमनाम्याची किंमत येते आणि त्यावर अपील नसतं. त्या तडजोडपत्रात 'सामनेवाले क्र. १ यांच्यावर कोणतीही जबाबदारी नाही आणि त्यांच्याकडून वसुली होणार नाही' ही ओळ आल्याशिवाय सही करू नका.

सहकाऱ्यांचा सल्ला, गुन्हा कबूल करून दंड भरायचा. अजिबात नको. फौजदारी न्यायालयात दिलेली गुन्ह्याची कबुली ही तुमची स्वतःची कबुली आहे, ती न्यायाधिकरणापुढे तुमच्याविरुद्ध वाचली जाते. एका दुपारचा हेलपाटा वाचवायला इकडे सगळी बाजू सोडून द्यायची? शिवाय त्या मुलाच्या मांडीच्या हाडाचा मार म्हणजे गंभीर दुखापत, भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये त्याला तीन वर्षांपर्यंतची कैद आहे. तो नुसत्या दंडाचा विषय मानू नका, आणि शिक्षकाच्या नोकरीत दोषसिद्धीची नोंद ही वेगळीच काळजी. खटला लढवा, आणि दोन्हीकडे एकच हकिकत सांगा. फौजदारीत सुटलात तरी न्यायाधिकरण त्याने बांधलं जात नाही, ते स्वतंत्रपणे ठरवतं. पोलिसांनी म्हणणं घेतलं नाही म्हणता, तर ते आता लेखी द्या. पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज, सोबत फोटो, मेडिकलवाल्यांचं नाव. ठाण्यात पोच दिली नाही तर रजिस्टर पोस्टाने, आणि एक प्रत पोलीस आयुक्तालयाला.

२२ लाखांचं काय? तुम्ही गणिताचे शिक्षक, म्हणून अर्जातला हिशेब मांडून दाखवते. महिना १५,००० उत्पन्न, म्हणजे वर्षाचे १,८०,०००. वय २४, म्हणून सरला वर्मा निकालाच्या (२००९) तक्त्याप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला गुणायचा आकडा, १८. अपंगत्व ४० टक्के धरलंय. झाले १२,९६,०००. त्यावर प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के. म्हणजे १८,१४,४००. वर दवाखाना, औषधं, वेदना. असे २२ लाख. यातलं उत्पन्न सिद्ध करावं लागतं. ४० टक्के हा आकडा डॉक्टरांच्या दाखल्यातला, पण न्यायाधिकरण बघतं ते त्याच्या कामावर किती परिणाम झाला ते. समजा तो १५ टक्के ठरला, तर हीच रक्कम ६,८०,४०० होते. आणि अपघातात त्याची स्वतःची चूक ७० टक्के ठरली तर त्यातले ३० टक्के, २,०४,१२०. दोष पूर्ण त्याचाच ठरला तर चालकाची चूक दाखवून भरपाई मागणारा कलम १६६ चा हा दावा तुमच्याविरुद्ध टिकतच नाही. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या निकालाचं भाकीत नव्हे. पण कैफियतीत उत्पन्न, अपंगत्व आणि दोषाचा वाटा या तिन्हींना वेगवेगळं उत्तर का द्यायचं, ते यावरून कळेल.

तुमच्या पत्रातली एक ओळ माझ्या मनात राहिली : 'त्या मुलाचं वाईट वाटतं, त्याच्याविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही.' मी जखमींच्या बाजूनेही पुष्कळ उभी राहिले आहे, म्हणून तुमची घालमेल समजते. मागावर दिवसभर उभं राहणाऱ्याच्या मांडीत रॉड पडणं म्हणजे काय, हे सोलापुरात कोणाला सांगायला नको. पण तुम्ही खरं बोललात म्हणून तो उघड्यावर पडतो असं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेलं कलम १६४ आहे. त्यात चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख भरपाई मिळू शकते, आणि तुमच्यासारखी पॉलिसी असेल तिथे ती कंपनीकडून येते. कलम १६४ आणि १६६ यांतला एकच रस्ता शेवटी घ्यावा लागतो, कोणता घ्यायचा ते त्याचे वकील त्याला सांगतील. तुमच्या वाट्याला खरं सांगणं आलं आहे, ते सांगताना अपराधी वाटून घेऊ नका.

निकाल विरुद्ध गेलाच, तर कलम १७३ प्रमाणे ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. रक्कम भरायची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला अपिलासोबत २५,००० रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यांतली कमी असेल ती भरावी लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्याने सोलापूरकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. मधल्या तारखा ई-कोर्ट्स अ‍ॅपवर नाव टाकून तुम्ही स्वतः बघू शकता, वकिलांच्या कारकुनाच्या फोनची वाट बघत बसू नका.

पत्र दुसरे : बार्शी येथील एक भगिनी

मी माझी स्कूटर तीन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाला विकली. साध्या कागदावर लिहून घेतलं, आरसी बुकही देऊन टाकलं. त्याने नावावर करून घेतली नाही. आता त्याने एका म्हाताऱ्या माणसाला धडक दिल्याचा दावा माझ्यावर आला आहे. गाडी मी तीन वर्षांत पाहिलेलीसुद्धा नाही. मी फक्त 'गाडी विकली आहे' असं पत्र कोर्टाला पोस्टाने पाठवलं तर चालेल का?

उत्तर

ताई, पोस्टाने पत्र पाठवून चालणार नाही, आणि वाईट वाटतं सांगायला, पण नुसतं 'विकली आहे' म्हणूनही सुटका होणार नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि जखमीला भरपाई देण्याची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार प्रकरणात म्हटलं आहे. गाडी हातोहात पुढे विकली गेली तर जखमीने कोणाकोणाला शोधत फिरायचं, हा त्यामागचा विचार. चूक तुमची नाही हे मलाही दिसतंय, तरी नोंद तुमच्या नावावर आहे.

म्हणून सर्वात आधी विम्याचं शोधा. अपघाताच्या दिवशी त्या स्कूटरवर निदान थर्ड पार्टी विमा चालू होता का? त्या मुलाने काढला असला तरी हरकत नाही. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. विमा चालू असेल आणि अर्जदाराने कंपनीला सामील केलं नसेल, तर कंपनीला सामनेवाले करण्याचा अर्ज तुम्ही द्या. विमा नसेल, तर त्या मुलाला सामील करून घेणं आणखी गरजेचं. विक्रीचा कागद, पैसे खात्यावर आले असतील तर पासबुकाची नोंद, 'नावावर करून घे' म्हणून त्याला पाठवलेले मेसेज, हे सगळं कैफियतीसोबत जोडा. जखमीपुढे तुमची जबाबदारी उरली तरी ती रक्कम त्या मुलाकडून मागायला हे कागद उपयोगी पडतील.

गाडी अजून तुमच्याच नावावर आहे, म्हणजे उद्या तिचा आणखी एक अपघात झाला तर पुन्हा नोटीस तुम्हालाच. त्या मुलाला घेऊन आरटीओत जा, फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्या. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं. उशीर झालाच आहे, पण आता एक दिवसही वाढवू नका. तो टाळाटाळ करत असेल तर आरटीओला लेखी कळवून पोच ठेवा.

वकिलाची फी परवडत नसल्याचं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बार्शीच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती आहे. नोटीस, आधार कार्ड आणि विक्रीचा तो कागद घेऊन तिथे अर्ज द्या. तारीख पंधरा दिवसांवर आहे म्हणता, तेव्हा येत्या सोमवारीच जा.